आज दुकान बंद आहे

गेल्या महिन्यात एक किराणा व्यापारी दवाखान्यात आले. वय ४८. डोके जड होते, झोप लागत नाही, ही तक्रार. रक्तदाब पाहिला तर १७०/१०४. दहा मिनिटे बसवून पुन्हा पाहिला, फारसा फरक नाही. “शेवटची सुटी कधी घेतलीत?” असे विचारले तर गृहस्थ हसले. म्हणाले, “डॉक्टरसाहेब, मागच्या वर्षी वडील वारले, तेव्हा तीन दिवस दुकान बंद होतं.”

सकाळी आठला कुलूप उघडायचे, रात्री साडेनऊला लावायचे. जेवणाचा दीड तास वगळला तर दिवसाचे बारा तास, आठवड्याचे ८४. “पण आम्ही कुठं ओझी वाहतो? गादीवर तर बसलेले असतो,” असे त्यांचे म्हणणे. दुखणे नेमके तिथेच आहे. दिवसभर बैठक, दुपारचे जेवण साडेतीनला, आठ-दहा कप चहा, गिऱ्हाईक असले की लघवीसुद्धा दाबून धरायची आणि डोक्यात उधारीचे आकडे.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, ५५ तास किंवा त्याहून अधिक काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी, तर हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी अधिक असल्याचे त्यात म्हटले आहे. या गृहस्थांचा रक्तदाब केवळ कामामुळे वाढला असे मी म्हणणार नाही. लोणची-पापड, तंबाखू आणि आनुवंशिकता यांचाही त्यात वाटा आहे. पण फिरायला जा, वेळेवर जेवा, असे सांगितले तर ते कोणत्या वेळात करणार?

रविवारची सुटी आपल्याला फुकट मिळालेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी ती मागणी लावून धरली, तेव्हा कुठे १० जून १८९० रोजी मालक कबूल झाले. दुकानदाराची पंचाईत अशी की त्याचा मालक तोच. भांडायचे कोणाशी? १९४८ च्या कायद्याने आठवड्यातून एक दिवस दुकान बंद ठेवणे भाग होते. २०१७ च्या नव्या कायद्याने सातही दिवस उघडे ठेवण्याची मुभा दिली. त्यातही नोकराला आठवड्याची सुटी द्यावीच लागते, गादीवरच्या शेटजींना ती कोणी द्यायची? एकट्याने बंद ठेवले तर गिऱ्हाईक शेजारी जाते, ही भीती खोटी नाही. म्हणून व्यापारी मंडळींनी एकत्र बसून बाजारपेठेचा बंद वार पुन्हा ठरवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

काही जण वर्षभराची सुटी दिवाळीनंतर चार दिवसांत उरकतात. रात्रभर गाडी, पाच-सहा देवस्थाने, मिळेल तिथे जेवण. लघवी जास्त होते म्हणून प्रवासात रक्तदाबाची गोळी बंद! परत आल्यावर पहिला मुक्काम माझ्याकडे. झोप आणि विसावा बँकेतल्या ठेवीसारखे साठवता येत नाहीत. गोळी मात्र प्रवासातही चालूच ठेवावी. अडचण असेल तर वेळ बदलून घ्यावी, पण डॉक्टरांना विचारून. आणि हो, घरधन्याची सुटी म्हणजे घरातल्या बाईला जादा स्वयंपाक, हेही थांबले पाहिजे. त्या दिवशी सकाळच्या खिचडीवर रात्र निभावली तर काही बिघडत नाही.

हे सारे ऐकून त्या गृहस्थांनी मलाच विचारले, “तुमचा दवाखाना रविवारी उघडाच असतो ना?” मी निरुत्तर झालो. चोवीस वर्षे रविवारची सकाळ मी दवाखान्यातच काढली. आता दारावर पाटी लावली आहे: रविवारी दवाखाना बंद, तातडीचे असेल तर सरकारी रुग्णालयात जावे किंवा १०८ ला फोन करावा. पहिल्या रविवारी फाटक वाजले की मी उठून बसत होतो. दोन जुने पेशंट रागावले, ते अजून आलेले नाहीत.

ते गृहस्थ परवा तपासणीला आले. गोळ्या सुरू आहेत, रक्तदाब १४८/९२. सोमवारी दुपारी दोननंतर दुकान बंद ठेवतात म्हणाले. त्यांचा मुलगा मागे उभा होता, तो हळूच म्हणाला, “पुढचं शटर बंद असतं, डॉक्टर. मागचं दार उघडंच असतं.”