जास्वंदीची हक्काची रजा

गणेशोत्सव आटोपला, की टोरांटोतील मराठी घरांत एका वार्षिक कामाची लगबग सुरू होते. रात्रीचे तापमान दहा अंश सेल्सिअसच्या खाली उतरू लागण्यापूर्वी अंगणातील जास्वंदीच्या कुंड्या घरात घेण्याची. येथवर मतभेद नाही. मतभेद सुरू होतो तो कुंडीने उंबरठा ओलांडल्यावर. दिवाणखान्यात, उष्ण हवेच्या जाळीशेजारी तिची प्रतिष्ठापना करून, दिवसाआड पाणी आणि पंधरवड्यास खत घालून, माघी गणेशजयंतीला तरी घरचे तांबडे फूल मिळावे अशी जी आस धरली जाते, ती भक्तीच्या दृष्टीने कितीही वंद्य असली, तरी झाडावर तो निव्वळ जुलूम आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मुंबईत वर्षातील सर्वांत लहान दिवसही सुमारे अकरा तासांचा असतो. येथे तो जेमतेम नऊ तासांचा, आणि त्यातला प्रकाशही ढगांतून व दुहेरी काचांतून गाळून येणारा. प्रकाशाअभावी पानांतील अन्ननिर्मिती मंदावते, परंतु तापवलेल्या खोलीत श्वसन मात्र जोराने चालूच राहते. आणि अशा रीतीने जमेपेक्षा खर्च वाढलेले झाड फिकट, लांबट, लुळे फुटवे काढते व धरलेल्या कळ्या न उमलताच गाळते. त्यात कोरड्या हवेत लाल कोळी माजतो. पान उलटून उजेडासमोर धरावे, म्हणजे शिरांच्या बगलेत जाळ्याचे अतिसूक्ष्म धागे आणि त्यांवरून सरकणारे ठिपके दिसतात. सौम्य साबणाचे पाणी पानांच्या खालच्या अंगावर वरचेवर फवारल्याने कीड आटोक्यात येते खरी, पण तिला पोसणारी उष्ण, शुष्क हवा कायम ठेवून हा बंदोबस्त किती दिवस पुरणार?

व्हर्सायच्या राजवाड्यात ज्यूल आर्दुआँ-मान्सार या वास्तुविशारदाने १६८४ ते १६८६ या काळात नारिंगांच्या झाडांसाठी जे हिवाळी निवासस्थान उभारले, त्याची मदार शेकोटीवर नव्हती. जाड भिंती आणि दक्षिणाभिमुख उंच खिडक्या यांच्या आधाराने गोठण आत शिरू न देणे, एवढीच तजवीज तेथे होती. एका बादशाही थाटाच्या राजाने आपल्या झाडांना थंडीतच ठेवले, मग आपण आपल्या कुंडीचे इतके लाड का करावेत? जास्वंद नारिंगापेक्षा नाजूक, हे मान्य. तिला दहा ते पंधरा अंशांची, भरपूर उजेडाची जागा द्यावी. काचबंद व्हरांडा किंवा बेसमेंटातील खिडकीची कोपऱ्याची जागा अनेकांकडे असते. माती बोटाच्या दुसऱ्या पेरापर्यंत कोरडी लागल्याखेरीज पाणी घालू नये, कारण गार, ओल्या मातीत मूळकूज फार लवकर होते. आणि खताला फेब्रुवारीअखेरपर्यंत पूर्ण मनाई. पाने पिवळी पडून गळतील, आणि त्या दृश्याने घाबरून पुन्हा झारी उचलण्याचा मोह होईल. त्याऐवजी खोडाची साल नखाने किंचित खरवडावी. आत हिरवा थर दिसला, की झाड जिवंत आहे.

कृत्रिम दिव्यांखाली, उबेत, रोज बारा-चौदा तास उजेड देऊन जानेवारीत फुले आणता येतात, हे मी नाकारीत नाही. पण तो उद्योग पुरा करावा, अर्धवट नव्हे; बहुतेकांची व्यवस्था अर्धवटच असते. माघातील पूजेस दूर्वा आणि अक्षता यांनीही उणेपण येत नाही.

उरला तो व्यवहारी आक्षेप, की एवढा खटाटोप करण्यापेक्षा दर वसंतात दुकानातून नवी कुंडी का आणू नये. दुकानातील ते ठेंगणे, गच्च भरलेले झाड पुष्कळदा वाढरोधक द्रव्याच्या अमलाखाली असते. तो अमल ओसरून त्याची खरी ठेवण दिसू लागते तोवर हिवाळा येतो, आणि ते फेकून देणारा मनुष्य त्याची जात ओळखण्यापूर्वीच त्याला निरोप देतो. जुने झाड मार्चमध्ये निम्म्यापर्यंत छाटावे. फूल नव्या फुटव्याच्या टोकावरच येते, म्हणून छाटताना दया करू नये. व्हिक्टोरिया डेच्या सुमारास, गोठणीचे भय सरल्यावर, कुंडी बाहेर काढून पहिला आठवडा सावलीत ठेवावी आणि मगच उन्हाच्या स्वाधीन करावी.