'आम्ही' की 'आपण'?



इंग्रजीत 'वी' हा एकच शब्द आहे, मराठीत मात्र दोन. 'आम्ही जेवायला चाललो' म्हटलं की समोरचा मागे राहतो. 'आपण जेवायला जाऊ' म्हटलं की तो सोबत येतो. गंमत म्हणजे न्यूझीलंडच्या माओरी भाषेतही हाच फरक आहे. 'मातौ' म्हणजे आम्ही, तुम्हाला सोडून; 'तातौ' म्हणजे आपण, तुम्हाला धरून.

सकाळच्या मीटिंगमध्ये मॅनेजर 'वी आर अ फॅमिली' म्हणतो, तेव्हा ते 'वी' म्हणजे आम्ही की आपण, हे विचारायची वेळ आली आहे. तुमच्यापैकी बरेच जण आता नुसते कामगार राहिलेले नाहीत. कुणी पॅकहाऊसमध्ये टीम लीडर आहे, कुणी डेअरी फार्मवर मॅनेजर, कुणी किचनमध्ये हेड शेफ. तुमच्या हाताखाली सामोआ, टोंगा, वानुआतूची माणसं आहेत, फिलिपिनो आहेत, पंजाबी-गुजराती आहेत, माओरी आणि गोरे किवीही आहेत. म्हणून हा लेख दोघांसाठी आहे: जो 'आपण' म्हणतो त्याच्यासाठी आणि जो ते ऐकतो त्याच्यासाठी.

आधी एक साधी कसोटी. 'आपण एक कुटुंब आहोत' हे वाक्य कधी कानावर येतं बघा. जास्तीचा तास फुकट करायचा असतो तेव्हा येतं. सुट्टीच्या दिवशी बोलवायचं असतं तेव्हा येतं. पेस्लिपमध्ये तास कमी लागले म्हणून विचारायला गेलात, तर कुटुंब गायब होतं आणि तुमचा व्हिसा कोणाच्या हातात आहे याची आठवण करून दिली जाते. आणि खरं बोलायचं तर हे गोड वाक्य आपल्याच देशातून आलेला मालक जास्त सफाईने बोलतो. 'तू तर घरचा, तुला काय कागद दाखवायचे?' अशा वेळी घरच्यानेच कागद आधी मागावा. आठ तासांच्या पाळीत दहा-दहा मिनिटांच्या दोन पगारी सुट्ट्या आणि अर्ध्या तासाची बिनपगारी जेवणाची सुट्टी हा इथला कायदा आहे. ती काही कुटुंबप्रमुखाची मेहेरबानी नव्हे.

हा खेळ आपल्याला नवा नाही. मुंबईच्या गिरण्यांत जॉबर असायचा. तो आपल्याच गावचा, बहुतेकदा आपल्याच जातीचा. कामाला तोच लावायचा आणि त्याबद्दल दस्तुरीही तोच घ्यायचा. गावकीचं नातं हे त्याचं भांडवल होतं. एका खात्यात रत्नागिरीवाले, दुसऱ्यात घाटावरचे, तिसऱ्यात उत्तरेचे भय्ये, अशी माणसं वाटलेली असली की जॉबरची सत्ता शाबूत राहायची. आज ऑकलंडमध्ये एजंटला पैसे भरून आलेल्या पोराला हे समजावून सांगावं लागणार नाही.

ती सत्ता हलली ती १९२८ साली. एप्रिल ते ऑक्टोबर असे सहा महिने सुमारे दीड लाख गिरणी कामगार संपावर होते. त्याच संपात गिरणी कामगार युनियन उभी राहिली. डांगे, जोगळेकर, निंबकर हे बाहेरून आलेले पुढारी होते. पण अर्जुन आळवे आणि कासले हे स्वतः गिरणीत राबलेले. युनियनने गिरणीगणिक समित्या केल्या. तक्रार सांगायला जॉबरच्या दारात जायची गरज उरली नाही. नुसत्या भाषणांतून हे झालं नसतं. रोजच्या कामात तक्रार नेण्याची वेगळी जागा मिळाली, म्हणून गाव आणि जातीपलीकडची 'गिरणी कामगार' ही ओळख तयार झाली.

पण त्या 'आपण'मध्येही एक भोक होतं. विणकर खात्यात मजुरी चांगली होती, आणि तिथे अस्पृश्य कामगारांना शिरकाव नव्हता. कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्ण विणकरांना त्यात विटाळ वाटे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा मुद्दा संपाच्या काळातच लावून धरला. एकजुटीच्या गोष्टी करायच्या आणि चांगल्या पगाराच्या खात्याचं दार आपल्याच भावाला बंद ठेवायचं, हे चालणार नाही, असा त्याचा अर्थ होता. दहा वर्षांनी, ७ नोव्हेंबर १९३८ ला, औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून एक दिवसाचा संप केला. मतभेद मिटले नव्हते, तरी एका मागणीवर माणसं एकत्र आली. एकजूट व्हायला सगळे सारखे असावे लागत नाहीत. मात्र कोणाला बाहेर ठेवलंय ते उघड बोलावं लागतं.

न्यूझीलंडचाही इतिहास बघा. १९२६ साली पुकेकोहे इथे व्हाइट न्यूझीलंड लीग स्थापन झाली, ती भारतीय आणि चिनी भाजीपाला शेतकऱ्यांना हाकलण्यासाठी. १९७० च्या दशकात पहाटे घरांत घुसून पॅसिफिक बेटांवरच्या लोकांचे व्हिसा तपासले गेले. त्या 'डॉन रेड्स'बद्दल सरकारने माफी मागितली ती १ ऑगस्ट २०२१ ला. ज्या सामोअन किंवा टोंगन सहकाऱ्याला आपल्यातले काही जण 'आळशी' म्हणून नावं ठेवतात, त्याच्या आजोबांनी हे सोसलंय. त्याच्याशी बोललात तर व्हिसाची भीती म्हणजे काय, हे त्याला सांगावं लागणार नाही.

याच देशात २०१२ साली ॲफको या मांस कंपनीने नवीन करारावरून सुमारे हजार कामगारांना कामावरून बाहेर ठेवलं. त्यात माओरी कामगार मोठ्या संख्येने होते. मीट वर्कर्स युनियन लढत होतीच. पण शेवटी माओरी जमातींचे पुढारी मध्ये पडले आणि मे महिन्यात तोडगा निघाला. या जमाती स्वतः जनावरं पाळून कंपनीला पुरवतात, म्हणून त्यांच्या शब्दाला वजन होतं. समाजाचं नातं आणि युनियनचं नातं एकमेकांच्या आड आलं नाही, उलट जोडीला आलं. जॉबरनेही समाजाचंच नातं वापरलं होतं. फरक एवढाच की एकाने ते माणूस दाबायला वापरलं आणि दुसऱ्याने सोडवायला.

आता जे टीम लीडर आहेत त्यांना थेट सांगतो.

माओरी माणूस स्वतःची ओळख करून देताना आधी आपला डोंगर सांगतो, मग नदी, मग माणसं, आणि नाव शेवटी. याला 'पेपेहा' म्हणतात. नवीन माणूस आला की पाच मिनिटं काढून असं करून बघा. कुणी सह्याद्री सांगेल, कुणी ज्वालामुखी. नावाचा उच्चार नीट शिका. 'बॉब' करून मोकळे होऊ नका. कामाच्या सूचना सगळ्यांना समजतील अशा भाषेत द्या. मशीनजवळ मराठीत बोललेली धोक्याची सूचना शेजारच्या फिलिपिनोला कळली नाही, तर त्याचा हात जाईल. चहाच्या सुट्टीत मात्र कुणाच्या मायबोलीवर बंदी नको.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: जड काम, रात्रीची पाळी, ओव्हरटाइम यांची वाटणी भिंतीवर लावा. आपल्या गावच्या पोराला हलकं काम आणि वानुआतूच्या पोराला कोल्ड स्टोअर, असं एकदा दिसलं की तुमची शंभर भाषणं वाया गेली. न्याय दिसला तरच 'आपण' खरं वाटतं.

जे टीममध्ये आहेत, त्यांनी वाट बघत बसू नये. सुरक्षा प्रतिनिधी निवडण्याची मागणी कामगार करू शकतात. त्या निवडणुकीत मत आपल्या भाषेच्या माणसाला नव्हे, तर मालकासमोर तोंड उघडेल त्याला द्या. युनियनचं सभासद होण्याचा हक्क २००० च्या एम्प्लॉयमेंट रिलेशन्स कायद्याने दिलेला आहे आणि वर्क व्हिसावर असलात तरी तो आहे. फर्स्ट युनियनने तर स्थलांतरितांसाठी 'युनेमिग' नावाचं जाळंच उभं केलं. एकट्या मराठी मंडळाने पगाराची बोलणी होत नाहीत. गणपतीला मंडळ हवंच, पण पेस्लिपसाठी शेजारचा टोंगन हवा.

शोषण होत असेल तर ०८०० २०० ०८८ या सरकारी नंबरवर तक्रार करता येते. तक्रार तपासून पत्र मिळालं तर मालकाला सोडून सहा महिन्यांपर्यंतच्या संरक्षण व्हिसासाठी अर्ज करता येतो. तोवर तासांची नोंद स्वतःच्या वहीत रोज ठेवा, आणि शेजारच्यालाही ठेवायला सांगा. पाच देशांच्या पाच वह्यांत एकच चोरी सापडली, की ती नाकारणं मालकाला फार जड जातं.