कोठीच्या खोलींतील घाट

आगगाडी घरांत मांडावयाची म्हटलें कीं पुष्कळांच्या डोळ्यांपुढें जमिनीवर ठेवलेलें रुळांचें एक कडें व त्यावर गरगर फिरणारें इंजिन उभें राहतें. दोन दिवसांत मुलांचा त्यांतील रस संपतो आणि खोका कपाटावर जातो. ज्यांना याच्या पुढें जावयाचें असेल, म्हणजे भिंतीलगत कायमची फळी बसवून तीवर स्थानकें, पूल व बोगदे यांसह एखादा मार्ग उभारावयाचा असेल, आणि जागा अपुरी म्हणून तो दुमजली करावयाचा असेल, त्यांच्यासाठीं या खेपेचा लेख आहे. आम्ही या विषयांतले जाणते नव्हों. परंतु गेलें वर्षभर आमच्या मालवणच्या घरीं हाच उद्योग चालला असल्यामुळें, झालेल्या चुका तरी सांगण्याचा अधिकार आम्हांस आहे.

आमच्या थोरल्या काकांची सारी नोकरी मुंबईस रेल्वेंत झाली. जन्म आगगाडींत गेला, पण स्वतःच्या गांवीं त्यांना आगगाडीनें येतां आलें नाहीं. पास काढून कोल्हापुरापर्यंत यावयाचें व तेथून एस. टी.नें घाट उतरावयाचा, असा त्यांचा गणपतीचा क्रम वर्षानुवर्षें चालला. २६ जानेवारी १९९८ रोजीं कोंकण रेल्वे संपूर्ण मार्गावर सुरू झाली तेव्हां त्यांच्या नोकरीचीं थोडींच वर्षें उरलीं होतीं. शिवाय ती आली तीही मालवणास नव्हे. कणकवली, सिंधुदुर्ग, कुडाळ अशी आंतल्या अंगानें निघून गेली. काकांच्या मनांतला मार्ग निराळाच होता. कोल्हापुराहून सह्याद्रि उतरून वैभववाडीस कोंकण रेल्वेला मिळणारा फांटा व्हावा, असें ते आम्हां मुलांना पूर्वींपासून सांगत. सुमारें १०७ किलोमीटरांचा हा मार्ग २०१६-१७ च्या रेल्वे अर्थसंकल्पांत मंजूरही झाला. पण हें लिहीपर्यंत त्यावरून गाडी गेलेली नाहीं. काकांनीं ब्याऐंशींत पदार्पण केलें त्या दिवशीं ते म्हणाले, “सरकार बांधील तेव्हां बांधील. आपण कोठीच्या खोलींत बांधूं.” खालचा मजला वैभववाडी, वरचा कोल्हापूर आणि मध्यें घाट.

कोठीची खोली म्हणजे पूर्वीं भात ठेवीत ती. शेती खंडानें गेल्यापासून तेथें काकूंच्या लोणच्याच्या बरण्या, गणपतीचा चौरंग आणि मोडका पाळणा एवढाच ऐवज. लांबी १८ फूट, रुंदी ९ फूट. बरण्या हलणार नाहींत ही काकूंची पहिली अट. त्यामुळें खालची फळी बरण्यांच्या मांडणीच्या वर, ३८ इंचांवर घ्यावी लागली. पुढें असें आढळलें कीं उभ्यानें काम करणाऱ्याला ही उंची उत्तम. लोणच्यानें आखलेला आराखडा म्हणून आम्ही हंसलों, परंतु नुसतें पुस्तक वाचून हें सुचलें नसतें.

आतां प्रमाणाची गोष्ट. बाजारांत ज्या प्रमाणाच्या गाड्या अधिक मिळतात त्यास एच-ओ म्हणतात. त्यांत खरी वस्तु ८७ पट लहान होते. हा ८७ चा आंकडा घेऊन एकदां घरच्या वडील मंडळींनीं मुलांना हिशेब करावयास बसवावें. रत्नागिरीजवळचा पानवलचा पूल ६४ मीटर उंच व ४२४ मीटर लांब आहे. तो हुबेहूब करूं गेल्यास उंची २९ इंच आणि लांबी १६ फूट! म्हणजे त्या एका पुलानेंच आमची खोली भरली. करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरांचा. तो २४५ फूट होऊन अंगण ओलांडून शेजाऱ्यांच्या विहिरीपाशीं निघेल. आणि कोल्हापूर समुद्रसपाटीहून साडेपांचशें मीटरांवर आहे. तें या हिशेबानें वीस फुटांवर, म्हणजे कौलांच्याही वर जातें. तेव्हां काय मांडावयाचें याहून काय सोडावयाचें हें आधीं ठरवावें लागतें. काकांनीं सगळें सोडून दोन स्थानकें व एक घाट ठेवला. एक गोष्ट मात्र त्यांना अजून खटकते. आपल्याकडील रुंद मार्गाच्या दोन रुळांतील अंतर १६७६ मिलिमीटर. ८७ नें भागल्यास १९ हून थोडें अधिक येतें. परंतु विकत मिळणारे रूळ युरोपांतील मापाचे, साडेसोळा मिलिमीटरांचे. “ही गाडी आपली नव्हेच, पाहुणी आहे,” असें ते अधूनमधून पुटपुटतात.

दुमजली मार्गाची खरी अडचण चढाची आहे, आणि नवशिके येथेंच फसतात. आम्हीही फसलों. वरची फळी खालचीपासून पंधरा इंचांवर, एवढें ठरवून आम्ही स्थानकांचीं चित्रें काढीत बसलों. गाडी वर जावयाची कशी, याचा विचार महिनाभर कोणाला शिवला नाहीं! मग काकांनीं कागद पुढें ओढला. कोंकण रेल्वेवर चढ १५० स १ याहून कडक नाहीं. त्या मानानें पंधरा इंच चढण्यास जवळजवळ १८८ फूट रूळ लागतील. १८६३ सालीं सुरू झालेल्या बोरघाटाचा चढ ३७ स १ आहे. गोव्याकडील कुळें ते कॅसलरॉक या घाटाचाही तितकाच. तो घेतला तर ४६ फुटांत काम भागतें. म्हणजे आमच्यासारख्याला कोंकण रेल्वेच्या ऐटीनें राहणें परवडत नाहीं. घाटांत शिरणें भाग. आम्ही ४० स १ हा चढ पत्करला.

वर जाण्याचे दोन मार्ग आहेत. एक मळसूत्री फेऱ्याचा. रूळ एकाच जागीं गोल गोल फिरवीत, चक्री जिन्याप्रमाणें वर न्यावयाचा. दोन फूट त्रिज्येच्या अशा एका फेऱ्यांत ४० स १ या चढानें पावणेचार इंच उंची मिळते. वरच्या फेऱ्याखालून डबा न घांसतां जावयाचा तर रुळापासून तीन इंच मोकळे व पाऊण इंच फळी-रुळाचें, असे तेवढेच लागतात; पंधरा इंचांस चार फेरे झाले. हिशेब सुरेख जुळला. पण त्याला साडेचार फुटांची चौरस जागा जाते आणि तींत दिसण्यासारखें कांहींच नसतें. गाडी आंत शिरली कीं मंद गतीनें दोनेक मिनिटें गडप. आमचा नातू पहिल्याच चित्रावर म्हणाला, “आजोबा, म्हणजे घाट दिसणारच नाहीं?” हा आक्षेप बिनतोड होता.

शिवाय वळणावर इंजिनास ओढावें लागतें तें निराळें. छंदिष्टांचा एक ठोकताळा असा कीं, ३२ ला वळणाच्या त्रिज्येच्या इंचांनीं भागावें व येणारा आंकडा शेंकड्याच्या चढांत मिळवावा. २४ इंचांच्या वळणावर तो १.३३ येतो. ४० स १ म्हणजे शेंकडा अडीच. दोन्ही मिळून जवळजवळ चार. आम्हीं विश्वास न ठेवतां दोन फळ्यांखालीं जुने दिवाळी अंक रचून प्रयोग केला. सरळ चढावर जें इंजिन सहा डबे घेऊन गेलें तेंच वळणावर चवथ्या डब्याला चाकें गरगर फिरवीत जागीं उभें राहिलें. खऱ्या रेल्वेंत हेंच ओळखून वळणावर चढ थोडा कमी करतात, आणि कर्जतेस गाडीच्या मागें ढकलणारीं इंजिनें लावतात. आम्हींही मागें एक इंजिन लावण्याचें ठरविलें. पैशाच्या दृष्टीनें तें बरें नव्हे, पण शोभेच्या दृष्टीनें फार छान.

म्हणून दुसरा मार्ग घेतला. रूळ खोलीच्या चारी भिंतींना धरून एकच फेरा मारतो आणि सबंध फेराभर चढतो. कोपरे दोन फुटांनीं गोल केल्यावर आमच्या खोलींत हा फेरा ४८ फुटांचा भरतो; ४० स १ नें उंची सुमारें साडेचवदा इंच. चढ एकदम सुरू करूं नये, आरंभीं व शेंवटीं दीड दीड फूट तो हळूहळू वाढवावा व ओसरवावा, नाहींतर डब्यांच्या कड्या सुटतात. त्यांत अर्धा इंच गळतो. राहिले चवदा. खालचा मजला ३८ वर, वरचा ५२ वर. घाट सगळा डोळ्यांसमोर. दारापाशीं मात्र काढता-घालता पूल करावा लागतो, आणि तो काढला असतां अलीकडच्या-पलीकडच्या रुळांतील वीज आपोआप बंद होईल अशी तजवीज करावी; नाहींतर इंजिन थेट बरण्यांत.

एवढें ठरलें आणि चैत्रांत घराची वाटणी निघाली.

भांडण कांहीं नव्हतें. दोन्ही काकांचीं वयें झालीं, मुलें पुण्यामुंबईस, पुढें कोणाला अडचण नको, असा सरळ विचार. घर मधोमध विभागलें तेव्हां कोठीच्या खोलीच्याही मध्यावर खडूची रेघ आली. नऊ बाय नऊच्या दोन खोल्या, मध्यें भिंत. थोरले काका दोन दिवस त्या खोलींत गेले नाहींत. तिसऱ्या दिवशीं त्यांनीं आम्हांस हांक मारून नवा कागद दाखविला. त्यांत फेरा तोच होता, भिंत तेवढी वाढली होती.

त्यांचा आराखडा असा. खालचा मजला, वैभववाडी, आपल्या खोलींत. तो सपाट व आपल्यापुरता पुरा, गाडी तेथल्या तेथें फिरूं शकेल असा. वरचा मजला, कोल्हापूर, धाकट्या काकांच्या खोलींत. तोही तसाच पुरा. घाट दोघांचा. आपल्या खोलींतून तो दक्षिणेच्या बाजूस ३८ इंचांवर भिंतींतून पलीकडे जातो, धाकट्यांच्या तीन भिंती चढत ४५ इंचांवर उत्तरेकडून परत येतो, आणि आपल्या तीन भिंती चढून ५२ इंचांवर पुन्हां पलीकडे कोल्हापुरास पोंचतो. दोन्ही खोल्यांत जेथें एकावर एक रूळ येतो तेथें सात इंच तरी मोकळे राहतात. एका खोलीचें दार बंद असलें, मंडळी गांवीं गेलेली असली, तरी दुसऱ्या खोलींतली गाडी अडत नाहीं. वीजही दोन बाजूंची निराळी. ज्यांना घर बदलण्याचा संभव असेल त्यांनीं भिंत नसली तरी अशीच रचना करावी, असें आम्ही सुचवूं: प्रत्येक तुकडा स्वतंत्र, बोल्टांनीं जोडलेला व एकटाही चालणारा.

या सगळ्यास भिंतींत तीन भोकें लागत होतीं. तीं मागण्यास थोरले काका स्वतः गेले. धाकटे काका म्हणाले, “दादा, भिंत घालावयाची ती भोकें ठेवण्यासाठीं काय?” आणि तो विषय तेथेंच राहिला. आठ दिवस दोन्ही बाजूंनीं कोणी कांहीं बोललें नाहीं. नवव्या दिवशीं धाकटे काका सकाळचा चहा घेण्यास आमच्या ओटीवर आले व बसतां बसतां त्यांनीं विचारलें, “मला कोल्हापूर कां? वैभववाडी कां नाहीं?” थोरले काका म्हणाले, “तुझे गुडघे वांकत नाहींत. बावन्न इंच तुझ्या डोळ्यांसमोर येतात.” वकिलांनीं वाटणीपत्रांत या भोकांचा उल्लेख करावयाचा काय म्हणून विचारलें, दोघांनींही नको म्हणून सांगितलें.

आतां थोडें आमच्या किनाऱ्याविषयीं, कारण शहरच्या पुस्तकांत तें मिळत नाहीं. खाऱ्या वाऱ्यानें लोखंडी रूळ एका पावसांत गंजतात व पितळी काळे पडून वीज धरीत नाहींत. ज्याला जर्मन सिल्व्हर म्हणतात (त्यांत रुपें मुळींच नसतें, तांबें, निकेल व जस्त) त्याचेच रूळ घ्यावे. तरीही दर तीन फुटांवर खालून तार आणून रुळास सोल्डर करावी. सांध्यावर विसंबूं नये. साधें प्लायवूड आषाढांत फुगतें. मरीन प्लाय महाग, पण तेंच घ्यावें व कापलेल्या कडांना रंग द्यावा. पाणी कडांतूनच शिरतें. फळ्या लोखंडी ब्रॅकेटांवर बसवाव्या म्हणजे वाळवीची नजर राहते. ब्रॅकेट पाणसळ लावून बसवा. सुताराच्या डोळ्यावर कितीही विश्वास असला तरी घाटाच्या कामांत दोन सूत म्हणजे फार.

ज्यांना आधीं कांहीं पाहावयाचें असेल त्यांनीं पुण्यास कोथरूड येथें भाऊसाहेब जोशी यांनीं १९९८ सालीं उघडलेलें छोट्या आगगाड्यांचें संग्रहालय पाहावें. काकांनीं तें दोनदां पाहिलें आहे. ते गाड्यांपेक्षां रूळ खालून कसे आधारले आहेत तेंच अधिक वाकून पाहत होते, असें नातू सांगतो.

भिंत वैशाखाअखेर पुरी झाली. भोकें सहा इंच रुंद व सहा इंच उंच ठेवलीं आहेत. गाडीला इतकें लागत नाहीं, परंतु जांभ्याची भिंत जाड. डबा मध्यें घसरला तर हात आंत गेला पाहिजे. फळ्या भाद्रपदानंतर चढतील. तोंवर तिन्ही भोकांत धाकट्या काकूंनीं जुन्या लुगड्याचे बोळे कोंबून ठेवले आहेत, उंदीर येतात म्हणून. थोरल्या काकांचें म्हणणें बोळे आपल्या बाजूनें काढतां यावे असे असावेत, आणि त्यावर सध्यां वाटाघाट चालू आहे.