घराचा जागता पहारेकरी

मनुष्यस्वभाव मोठा चमत्कारिक आहे. रात्री कुत्रा भुंकू लागला म्हणजे बाहेर कोण आले आहे हे पाहण्याऐवजी आपण प्रथम कुत्र्यासच दटावतो. घरातील एका अबोल सेवकाशीही आपले वर्तन हल्ली असेच झाले आहे. विजेच्या बोर्डावर एमसीबींच्या रांगेत एक काहीसा रुंद खटका असतो व त्यावर 'टी' हे इंग्रजी अक्षर असलेले लहानसे बटण असते. कारखानदार त्यास आरसीसीबी म्हणतात. आपले वायरमन जुन्या सवयीने ईएलसीबी म्हणतात. पावसाळ्यात भिंती ओलावल्या, अथवा गीझर जुना झाला, म्हणजे हा खटका एकाएकी पडतो व घर अंधारात बुडते. मग वडील मंडळी त्रासून उद्गारतात, 'काढून टाका तो एकदाचा! त्याच्यावाचून काय अडले आहे?' कित्येक घरी तो खरोखरच काढला जातो, अथवा त्यास वळसा घालून तार जोडली जाते. ही रीत आम्हांस अत्यंत घातक वाटते, व तीविषयी चार शब्द स्पष्टपणे लिहिणे आम्ही आपले कर्तव्य समजतो.

आमच्या माहितीतील एका घरी हा खटका रोज सकाळी स्नानाच्या वेळी पडू लागला. बोलावलेल्या कारागिराने दोष शोधण्याचा खटाटोप न करता खटकाच वगळून जोडणी करून दिली. घरची मंडळी संतुष्ट झाली. पुढे आठ दिवसांनी घरातील लहान मुलगी म्हणाली, 'आई, नळाला हात लावला की मुंग्या येतात.' आईने ते बोलणे थट्टेवारी नेले नाही, हे त्या घराचे भाग्य. गीझरची कॉइल तडकली होती, अर्थिंगची तार तुटली होती, आणि वीज पाण्यात उतरत होती. खटका रोज सकाळी हेच सांगत होता. परंतु त्याचे तोंड बांधण्यात आले होते.

हा खटका एखाद्या चोख हिशेबनिसासारखे काम करतो. फेजच्या तारेने जितका प्रवाह घरात जातो, तितकाच न्यूट्रलच्या तारेने परत आला पाहिजे. या दोन्ही तारा खटक्याच्या पोटातील एका चुंबकीय कड्यातून जातात. जाणारा व येणारा प्रवाह समान असेपर्यंत त्यांचे चुंबकीय परिणाम परस्परांस नाहीसे करतात. परंतु गीझरच्या पत्र्यातून, ओल्या भिंतीतून अथवा मनुष्याच्या देहातून काही प्रवाह जमिनीत गळू लागला, म्हणजे हिशेबात तूट येते. त्या तुटीमुळे कड्यावरील निराळ्या वेटोळ्यात वीज उत्पन्न होऊन खटका सुटतो. आपल्या देशाच्या नियमांत घरासाठी या तुटीची मर्यादा ३० मिलिअँपिअर ठरविली आहे; आणि तूट त्याच्या पाचपट झाली, तर खटका सेकंदाच्या पंचविसाव्या हिश्शात पडावा लागतो.

यावर कोणी म्हणेल, 'आमच्या घरी एमसीबी आहेत. मग हा कशाला?' या प्रश्नाचे उत्तर साध्या गणिताने मिळते. दिव्यापंख्यांचा एमसीबी बहुधा ६ अँपिअरचा, म्हणजे ६००० मिलिअँपिअरचा असतो. ओल्या हातापायांच्या मनुष्याच्या देहाचा विरोध १००० ओहम धरला, तर २३० व्होल्टच्या दाबाने त्याच्यातून २३० मिलिअँपिअर प्रवाह वाहील. दहाबारा मिलिअँपिअरलाच हाताचे स्नायू आवळून धरलेली वस्तू सोडवेनाशी होते. शंभराच्या आसपास गेले की हृदयाची गती बिघडून प्राणावर बेतते. एमसीबीला मात्र ही २३० मिलिअँपिअरची वाट एखाद्या दिव्याहून निराळी वाटत नाही. तारांचे रक्षण हे त्याचे काम. मनुष्याचे रक्षण हे आपल्या या दुसऱ्या खटक्याचे काम. किती प्रवाहापर्यंत मनुष्यास हात सोडवून घेता येतो, याचा शास्त्रीय शोध कॅलिफोर्निया विद्यापीठाचे प्राध्यापक चार्ल्स डॅल्झील यांनी घेतला, व त्यातूनच १९६१ साली त्यांनी असे संरक्षक साधन सिद्ध केले.

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या आप्तांच्या न्हाणीघरात व स्वयंपाकघरात हे साधन भिंतीवरील सॉकेटमध्येच बसविलेले आढळते. त्यावर 'टेस्ट' व 'रिसेट' अशी दोन बटणे असतात, आणि ते सुमारे ५ मिलिअँपिअरच्या गळतीनेच तुटते. तेथे दोष झाला तर ते सॉकेट व त्यापुढे जोडलेली सॉकेटे तेवढी बंद पडतात. आपल्याकडे बहुधा साऱ्या घरास मिळून एकच खटका असतो. म्हणून मिक्सरच्या दोषाने अभ्यासाचा दिवाही विझतो. लोकांच्या त्राग्याचे खरे मूळ हेच होय, व तो त्रागा अगदीच अनाठायी आहे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु त्यावर उपाय खटका काढणे हा नव्हे. न्हाणीघर व स्वयंपाकघर एका खटक्यावर आणि दिवे-पंखे दुसऱ्यावर, अशी विभागणी परवानाधारक वायरमनकडून करून घ्यावी. दोन खटक्यांचा खर्च झाला तरी तो एका जिवापुढे काय मोलाचा?

खटका पडला असता दोष शोधण्याची रीत कठीण नाही. हे काम घरातील वडील माणसाने, कोरड्या हातांनी व पायांत चप्पल घालून करावे. प्रथम सर्व एमसीबी खाली करावे व सर्व उपकरणांचे प्लग काढावे. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही. कारण बटणाने बहुधा फेजच तुटतो व न्यूट्रलची गळती तशीच राहते. नंतर मुख्य खटका वर करून एकेक एमसीबी चढवावा. सर्व चढवूनही खटका टिकला, तर एकेक प्लग लावून ते उपकरण चालू करून पाहावे. ज्याने खटका पडेल ते उपकरण सदोष समजून दुरुस्तीस द्यावे. गीझर, कपडे धुण्याचे यंत्र, पाण्याची मोटर व पाणी तापविण्याचा रॉड यांवर प्रथम संशय घ्यावा. एकही प्लग नसता खटका पडत असेल, तर दोष भिंतीतील तारांत आहे. तेथे स्वतः हात न घालता वायरमन बोलवावा. इन्व्हर्टर बसविल्यापासून त्रास सुरू झाला असेल, तर न्यूट्रलची जोडणी चुकली आहे की काय हे त्यास अवश्य तपासावयास सांगावे. आणि जो कारागीर दोष न शोधता खटकाच वगळू म्हणेल, त्यास नम्रपणे निरोप द्यावा.

खटक्याची निगा याहूनही सोपी आहे. महिन्यातून एकदा, वीज चालू असता, घरच्यांस आगाऊ सांगून 'टी' बटण दाबावे. खटका तत्काळ पडला तर तो जागा आहे; पुन्हा वर करावा. न पडला तर तो निकामी झाला असे समजून विलंब न लावता बदलून घ्यावा. वर्षानुवर्षे न हललेल्या खटक्याचे भाग आतल्या आत अडकू शकतात. मात्र या बटणाने अर्थिंगची परीक्षा होत नाही. ती वायरमनकडून निराळी करवून घ्यावी. अर्थिंग चांगले असेल, तर यंत्राचा पत्रा जिवंत होताच गळती जमिनीत जाऊन खटका पडतो व कोणाच्या अंगास झळ लागत नाही. अर्थिंग नसेल, तर गळतीला वाट देणारा पहिला मार्ग म्हणजे हात लावणारा मनुष्य!

या साधनाच्या मर्यादाही सांगितल्याच पाहिजेत. एका हाती फेज व दुसऱ्या हाती न्यूट्रल धरणाऱ्यास ते तारील असा भरवसा नाही. कारण तेथे प्रवाह देहातून जाऊनही न्यूट्रलनेच परततो व हिशेबात तूट दिसत नाही. म्हणून खटका आहे एवढ्याने निष्काळजीपणास परवाना मिळत नाही. कोणास झटका बसून तो चिकटला, तर त्यास हात न लावता प्रथम मुख्य वीज बंद करावी व मग मदतीस जावे.

शुभवर्तमानातील दहा कुमारींचा दाखला आमच्या विद्यार्थ्यांस परिचित आहे. दिवे दहाही जणींजवळ होते. तेल बरोबर घेण्याची दक्षता मात्र पाचच जणींनी घेतली. बोर्डावर खटका असूनही ज्या घरी त्याची परीक्षा कधी होत नाही, ते घर निर्बुद्ध कुमारींच्या पंक्तीस बसते. विद्यार्थिमित्रहो, आज घरी गेल्यावर बोर्डाजवळ उभे राहून तो खटका कोठे आहे हे वडिलांस विचारा. आणि पालकमंडळींस आमची विनंती आहे की, मुलांस जवळ घेऊन ते बटण त्यांच्यादेखत दाबून दाखवावे. यास एक मिनिट लागेल. तेवढ्या मिनिटात मुलाच्या मनावर जो धडा ठसेल, तो कोणत्याही पाठ्यपुस्तकाने ठसणार नाही. यापुढे कधी घर एकाएकी अंधारले, तर त्या खटक्यावर रागावण्यापूर्वी तो काय सांगत आहे हे आपण ऐकावे, एवढेच आमचे मागणे आहे.