मिरकरवाड्याने बघावा असा सिनेमा

सर्वनिक कौर यांच्या ‘अगेन्स्ट द टाइड’ या माहितीपटाला २०२३मध्ये सनडान्स महोत्सवात पुरस्कार मिळाला, त्याचा खरा प्रेक्षक मात्र रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर आहे. गोष्ट मुंबईतल्या दोन कोळी मित्रांची. राकेश किनाऱ्यालगत पारंपरिक मासेमारी करतो, स्कॉटलंडला शिकून आलेला गणेश खोल समुद्रात एलईडीच्या उजेडाने मासे ओढणाऱ्या मासेमारीकडे वळतो. या मासेमारीवर केंद्राने २०१७मध्येच बंदी घातली, तरी रत्नागिरीत वाद धुमसतोच आहे. सिनेमात कॅमेरा नुसता सोबत राहतो. जाळ्यात काय आलं, काय नाही, ते आपणच बघायचं.

‘रोजचंच, त्यात काय बघायचं?’ असं कुणी म्हणेल. रोज दिसते ती मासळी आणि तिचा भाव. कर्जाचा घोर आणि मैत्रीतला ताण लिलावात दिसत नाही. दिग्दर्शिका निकाल देत नाही, हा आक्षेप जास्त वजनदार. पण बाजू घेणारे मोर्चे आणि निवेदनं भरपूर झाली. मोठ्या पर्ससीन जाळ्याचा बोटवाला आणि छोटा होडीवाला दीड तास शेजारी बसून एकच गोष्ट बघताहेत, असं कितीदा घडतं? चित्रपट मंडळांनी याचे खेळ जून-जुलैच्या मासेमारी बंदीत लावावेत. तेव्हा होड्या किनाऱ्याला असतात, माणसंही.