मोटारसायकल शिकवणार कोण?

बाळकुमच्या एखाद्या पाड्यात रविवारी सकाळी फेरी मारली, तर एक दृश्य हमखास दिसते. कोणी पोरगा मोटारसायकलवर अंग ताठ करून बसलेला असतो, थोरला भाऊ किंवा मित्र बाजूने धावत असतो आणि ‘क्लच हळू सोड, हळू’ असा घोष चाललेला असतो. गाडी दोन हिसके देते व बंद पडते. ओट्यावरची मंडळी हसतात. गेल्या वर्षी या दृश्यातला धावणारा इसम मी होतो आणि गाडीवर माझा पुतण्या होता. तेव्हापासून एक प्रश्न मनातून जात नाही. तो घरगुती नसून सार्वजनिक आहे अशी खात्री झाल्यामुळेच येथे मांडत आहे.

पुतण्याने गाडी हौसेखातर घेतली नव्हती. बाळकुम नाक्यावरून कशेळीचा पूल ओलांडला, की काल्हेर, पूर्णा, माणकोली अशी गोदामांची रांग सुरू होते. मुंबईकर घरबसल्या जी वस्तू मागवतो, ती पुष्कळदा इथूनच निघते. अशाच एका गोदामात त्याला दुपारपाळीचे काम मिळाले. पाळी रात्री अकराला सुटे. त्या वेळी बसची वाट पाहावी तर तास जाई आणि रिक्षा करावी तर मजुरीचा लचका तुटे. अखेर शंभर सी. सी.ची जुनी मोटारसायकल हप्त्यांवर आली. ठाण्याला १८५३ साली आगगाडी पोहोचली. त्याच ठाण्याच्या कुशीतल्या बाळकुमच्या मजुराला आज कामावरून घरी परतण्यासाठी कर्ज काढावे लागते, हा आपल्या विकासाचा क्रम आहे.

एके काळी दुचाकी ही मध्यमवर्गाची मिरवण्याची वस्तू होती. स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे. १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली आणि थोड्या पेट्रोलात लांब जाणाऱ्या हलक्या गाड्यांचे युग सुरू झाले. हळूहळू मोटारसायकल चैनीच्या यादीतून हत्यारांच्या यादीत आली. सुताराला रंधा, विणकराला माग, तशी आज लाखो तरुणांना मोटारसायकल. हे मान्य केले, की पुढचा प्रश्न टळत नाही: हे हत्यार चालवायला शिकवण्याची जबाबदारी कोणाची?

सरकारचे उत्तर परवान्याच्या पद्धतीत दिसते. अठरा वर्षे पूर्ण झाली, की शिकाऊ परवाना आता घरबसल्या मिळू शकतो. तीस दिवसांनी पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते. जमिनीवर आखलेल्या इंग्रजी आठच्या आकड्यावरून पाय न टेकता गाडी फिरवली, की बहुतेक काम झाले. म्हणजे राज्यसंस्था परीक्षा घेते, शुल्क घेते, दंडही घेते. शिकवत मात्र नाही. मोटार-प्रशिक्षणाच्या बहुतेक शाळा चारचाकीच्या. दुचाकीची शाळा म्हणजे काका, मामा आणि मित्र.

या शाळेचे शिक्षण कसे असते, हे माझ्याच उदाहरणाने सांगतो. १९८६ साली मला एका मित्राने गाडी शिकवली. त्याचा पहिला मंत्र होता, ‘पुढच्या ब्रेकला हात लावू नकोस, उलटशील.’ तोच मंत्र मी पुतण्याला दिला. नवव्या दिवशी तो भिवंडी रस्त्यावर गेला. मेट्रोच्या खांबांशेजारून जाताना पुढचा टेम्पो एकाएकी थांबला. पोराने शिकवल्याप्रमाणे फक्त मागचा ब्रेक जीव खाऊन दाबला. मागचे चाक जखडले, गाडी आडवी घसरली आणि तो टेम्पोच्या मागे पडला. पाठीमागून येणारा कंटेनर हातभर अंतरावर थांबला. मनगट मुरगळण्यावर निभावले. घरी आल्यावर तो एवढेच म्हणाला, “काका, तुम्ही सांगितलं होतं तसंच केलं.”

त्या वाक्याने मला पुस्तक उघडायला लावले. ब्रेक लागताच गाडीचा भार पुढच्या चाकावर येतो. म्हणून कोरड्या, सरळ रस्त्यावर गाडी थांबवण्याचे मोठे काम पुढचाच ब्रेक करतो. तो झटक्याने न आवळता क्रमाक्रमाने दाबायचा आणि मागच्याची जोड द्यायची. वाळूवर किंवा हँडल वळलेले असताना मात्र तोच दगा देतो. माझा मंत्र अर्धा खरा होता आणि त्याचा उरलेला अर्धा भाग पोराच्या जिवावर बेतला असता. गाडी चालवणे तासाभरात जमते. ती थांबवणे शिकायला महिना लागतो आणि आपण तो तासच तेवढा शिकवतो. अशा रीतीने अज्ञान वारशाने जाते.

याला एक वर्गीय बाजूही आहे. एप्रिल २०१९ पासून नव्या दुचाकींना, लहान इंजिनाच्या असल्यास दोन्ही चाकांचे ब्रेक एकत्र लावणारी आणि १२५ सी. सी.च्या वरच्या असल्यास चाक जखडू न देणारी यंत्रणा सक्तीची झाली. नवी गाडी घेणाऱ्याची चूक यंत्र काही अंशी सावरते. जुनी गाडी हप्त्यांवर घेणाऱ्याची चूक सावरायला कोणी नाही. ज्याला शिक्षणाची गरज सर्वांत जास्त, त्याच्याच वाट्याला सर्वांत जुने यंत्र येते.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत शंभरातील चव्वेचाळीसहून अधिक दुचाकीवरची होती. हेल्मेट नसलेल्या मृतांची संख्या पन्नास हजारांवर होती. कोणत्याही कारखान्यात इतके बळी गेले असते, तर आपण मोर्चे काढले असते. रस्त्यावर गेले, की आपण नशिबाला बोल लावतो.

‘बेशिस्त तरुण’ हे त्यावरचे ठरलेले स्पष्टीकरण. बेशिस्त आहे, हे मी नाकारत नाही. परंतु ज्याला शिस्त कोणी शिकवलीच नाही, त्याच्यावर ती मोडल्याचा आरोप ठेवण्यापूर्वी थोडे थांबले पाहिजे. १९४८ च्या कारखाने कायद्याने धोकादायक यंत्रावर अल्पवयीन कामगाराला पुरेसे प्रशिक्षण दिल्याशिवाय उभे करण्यास मनाई केली होती. तत्त्व साधे होते: यंत्राचा नफा ज्याचा, शिकवण्याची जबाबदारी त्याची. आज घरपोच माल पोहोचवणाऱ्याचे यंत्र त्याचे स्वतःचे, पेट्रोल त्याचे, हाडेही त्याचीच. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने ‘गिग कामगार’ ही संज्ञा कायद्यात आणली, हे स्वागतार्ह आहे. पण संज्ञेने ब्रेक लागत नाही.

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून दुचाकीचा अल्पमुदतीचा, नाममात्र शुल्काचा वर्ग चालावा. महापालिकेची मैदाने आठवड्यातून दोन तास नवशिक्यांसाठी राखून ठेवावीत. दुचाकीस्वारांच्या श्रमावर जे धंदे चालतात, त्यांनी शिकण्याच्या दिवसांची मजुरी आणि चांगले हेल्मेट द्यावे.

मागण्या मान्य होईपर्यंत कार्यकर्त्यांनी हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. नव्वदीच्या दशकाच्या आरंभी तामिळनाडूतील पुदुकोट्टई जिल्ह्यात साक्षरता चळवळीने अक्षरांबरोबर सायकलही शिकवली. हजारो ग्रामीण स्त्रिया सायकलवर बसल्या आणि बाजार, दवाखाना, सभा त्यांच्या आवाक्यात आली. वाहन चालवता येणे ही एक साक्षरताच आहे, हे त्या चळवळीने ओळखले. आपण रात्रीचे वर्ग चालवले, अभ्यासशिबिरे घेतली. मग रविवारचा मोटारसायकल वर्ग का नको? दोन जाणते स्वार, एक जुनी गाडी, चार विटा आणि एक मोकळे मैदान एवढेच भांडवल लागते.

पुतण्या मनगट बरे होताच पुन्हा शिकायला उभा राहिला, या वेळी दोन्ही ब्रेकांसह. तिसऱ्या रविवारी त्याची थोरली बहीण ओढणी कमरेला खोचून आली आणि म्हणाली, “काका, मलाही रात्रपाळीच मिळणार आहे.” विटांभोवती आठचा आकडा तिने भावापेक्षा लवकर काढला. आता शेजारची तीन मुले विचारीत आहेत. त्यांना शिकवायला मी एकटा पुरणार नाही, आणि पुरू नयेही.