मुलांना जागेवरून उठू द्या

पहिलीतले मूल वाचायला कसे शिकते याविषयी आपल्याकडे एक जुनी समजूत आहे. ते मांडी घालून बसते, बाई फळ्यावर लिहितात, वर्ग एका सुरात म्हणतो आणि एक दिवस त्याला वाचता येऊ लागते. काहींना येतेही. पण 'क का कि की' म्हणताना अक्षराकडे किती जण पाहत असतात? मागच्या रांगेतल्यांचे ओठ हलतात आणि डोळे खिडकीबाहेर असतात. बाराखडी तोंडपाठ होते; 'की' कोणता ते मात्र बोट ठेवून दाखवता येत नाही.

म्हणून शब्दशोधाचा खेळ मला महत्त्वाचा वाटतो. त्याला खर्च नाही. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर ठळक अक्षरांत शब्द लिहावेत आणि त्या चिठ्ठ्या खिडकीत, कपाटामागे, चपलांच्या रांगेत लपवाव्यात. मुलाने शोधावे, सापडलेला शब्द मोठ्याने वाचावा, मग चिठ्ठी पालथी घालून तो पाटीवर लिहावा. ही शेवटची पायरी गाळली तर उरते ती नुसती धावपळ. शिवाय प्रत्येकाने तीनच चिठ्ठ्या घ्याव्यात; नाही तर चपळ मुले सगळे लुटून नेतात आणि ज्याला खरी गरज आहे तो कोपऱ्यात उभा राहतो.

आरंभी कमळ, बदक, गवत असे बिनकान्याचे शब्द पुरेत. खरी गंमत वेलांटीपाशी सुरू होते. पहिली वेलांटी उच्चारात मागून येते, पण कागदावर अक्षराच्या आधी उभी राहते. सहा वर्षांच्या मुलाला हा सरळसरळ अन्याय वाटत असणार! तो नियम सांगून पटत नाही. मुलांना एस. टी. थांब्यावर न्यावे. 'दहिवडी' ही पाटी आली की दोन्ही वेलांट्या एकाच शब्दात सापडतात. 'विनाथांबा'मध्ये वेलांटी आहे, काना आहे आणि अनुस्वारही आहे. रंगाऱ्याने 'आयुर्वेदिक'चे 'आर्युवेदिक' केलेले असते. तो रफार चुकीच्या डोक्यावर बसला आहे हे थोड्या मोठ्या मुलाने हेरले, तर शुद्धलेखनाचा वेगळा तास कशाला हवा?

ज्या घरी वर्तमानपत्र येते, आजोबा गोष्ट वाचून दाखवतात, तेथले मूल शाळेत येण्यापूर्वीच छापील अक्षराशी ओळख करून घेते. आमच्यासारख्यांच्या घरी छापील म्हणजे रेशनकार्ड, विजेचे बिल आणि बियाण्याची रिकामी पिशवी. पण त्यांवरही शब्द असतात! शाळेने ते शब्द मानले पाहिजेत. न्यूझीलंडमध्ये माओरी मुलांना शिकवणाऱ्या सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर या बाईंनी १९६३ च्या आपल्या 'टीचर' या पुस्तकात हेच सांगितले आहे. त्या प्रत्येक मुलाला त्याचा स्वतःचा शब्द विचारीत आणि तोच कार्डावर लिहून देत. एवढे लांब जायलाही नको. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केले. पुढे कोसबाडला त्यांनी आणि अनुताई वाघांनी गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेली. पाने, खडे, बिया हेच त्यांचे साहित्य होते.

यावर आक्षेप ठरलेले आहेत: गोंगाट होतो, वेळ जातो, अभ्यासक्रम राहतो. गोंगाट होतो हे खरेच आहे. एका शिक्षकाकडे दोन-दोन इयत्ता असतील तर पलीकडच्या मुलांचे गणित बुडते, हाही आक्षेप खोटा नाही. तेथे हा खेळ अंगणात न्यावा, आठवड्यातून दोनदाच घ्यावा. पण वेळेचे कारण मला पटत नाही. तिसरीअखेर प्रत्येक मुलाला समजून वाचता आले पाहिजे, असे ध्येय २०२१ साली सुरू झालेल्या 'निपुण भारत' अभियानाने ठेवले. ते घोकून गाठायचे म्हटले तर वेळ कमीच पडेल.

जाता जाता आमच्याच महाविद्यालयाला एक सूचना. राष्ट्रीय सेवा योजनेच्या श्रमसंस्कार शिबिरात आपण दरवर्षी गावातल्या भिंतींवर घोषवाक्ये रंगवतो. ती सगळी मोठ्या माणसांच्या उंचीवर आणि जोडाक्षरांनी भरलेली असतात. यंदा शाळेच्या भिंतीवर जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर, त्या गावातल्या मुलांना विचारून, भाकर, शेरडू, विहीर असे चाळीस-पन्नास शब्द रंगवावेत. रंग तेवढाच लागेल.